निःशस्त्र आणि विनाशस्त्र

खंडेनवमीच्या सकाळी धायरी गावठाणातल्या जुन्या घरांत पाट मांडला जातो आणि त्यावर घरातले लोखंड ठेवले जाते. कोयता, खुरपे, विळा, पहार, गवंड्याची थापी, गाडीचे पाने, आणि एखाद्या घरी माळ्यावरून उतरवलेली, म्यानात गंजून अडकलेली तलवार. हळदकुंकू लागते, झेंडूची फुले वाहिली जातात. गच्चीवर गेले तर इमारतींच्या फटीतून सिंहगड दिसतो. ह्याच सणासुदीच्या दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास येते: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) अन्वये शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, लाठ्या, दगड बरोबर नेण्यास अमुक तारखेपर्यंत मनाई. पाटावर फुले आणि रस्त्यावर मनाई, ह्यात कोणालाच काही विसंगत वाटत नाही. आम्हांलाही अनेक वर्षे वाटले नव्हते.

कमरेला पिस्तूल लावून, लोकांना दिसेल असे, बाजारातून हिंडण्याचा नागरिकाला हक्क असावा काय, हा वाद आपण अमेरिकेचा समजतो. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडून त्याच्या हकिकती ऐकायच्या, मान हलवायची आणि विषय बदलायचा. प्रत्यक्षात हत्यार बाळगण्याच्या हक्काचा वाद आपल्याकडे सत्तर वर्षे चालला. पुणे हे त्याच्या मुख्य ठिकाणांपैकी एक होते. आणि त्याचा निकाल घटनासमितीत एका मराठी माणसाने लावला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ह्या वादाकडे पाहायला हवे असे आम्हांस वाटते, कारण तो बराचसा एका शब्दाभोवती फिरला. तो शब्द म्हणजे ‘निःशस्त्र’.

मार्च १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, एकामागोमाग एक दोन कायदे झाले. १४ मार्चला देशी भाषांतील वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा आणि दुसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, हत्यारांचा कायदा. १८५७ नंतर लगेच, १८६० साली, एक हत्यारबंदीचा कायदा झालेला होताच. पण १८७८ च्या अकराव्या कायद्याने परवान्याची सक्ती सर्वदूर केली आणि तिच्यातून माफी कोणाला, हेही ठरवले. युरोपीयांना माफी, युरेशियनांना माफी, काही संस्थानिक, सरदार आणि किताबवाल्यांना माफी, कूर्गच्या कोडवांना माफी. बाकीच्यांनी परवाना मागावा. म्हणजे कायद्याने बंदुकीचा धोका मोजला नाही, बंदूक धरणाऱ्याचा वंश मोजला. मुंबईच्या गोदीतला गोरा कारकून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगू शकत होता. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा देशी पदवीधर, ज्याच्या गावात बिबट्या रोज शेळी नेत होता, त्याला मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागे.

वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या कारकिर्दीत रद्द झाला. हत्यारांचा कायदा राहिला. लेखणी चार वर्षांच्या आत परत मिळाली आणि बंदूक मिळाली नाही, ह्याचा परिणाम पुढच्या मराठी गद्यावर झालेला आहे. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, १८९८ मध्ये शिवराम महादेव परांजप्यांचा ‘काळ’. परांजप्यांची वक्रोक्ती आपण शैलीचा गुण म्हणून शिकवतो. ज्या समाजाच्या हातात दुसरे काही उरलेले नाही त्याने वाक्याला धार लावावी, हेही तिचे एक कारण आहे, असे आम्ही धाडसाने म्हणू. त्या काळच्या मराठीत लेखणीला तलवारीची उपमा इतक्या वेळा आली की ती उपमा आहे हेच पुढे लक्षात येईनासे झाले.

कायदा होऊन वर्ष भरायच्या आत, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उभे राहिले. पुण्यातल्या लष्करी हिशेबखात्यातला हा कारकून. १८७६-७८ च्या दुष्काळाने पेटलेला. त्याची पहिली धाड शिरूरकडच्या धामारी गावावर पडली. कागदोपत्री हत्यारबंदी असताना फडक्यांनी माणसे कोठून आणली, तर रामोश्यांतून. पुरंदरसारख्या किल्ल्यांच्या रखवालीवर ज्यांच्या पिढ्या गेल्या, १८३२ साली ज्यांच्या उमाजी नाईकाला पुण्यात फाशी झाली, ते हे लोक. किल्ले गेले तेव्हा त्यांची रखवाली गेली, रखवाली गेली तेव्हा तेच हत्यार चोरीचे हत्यार ठरले. फडके २० जुलै १८७९ रोजी पकडले गेले, पुण्यात खटला चालला, सार्वजनिक काकांनी वकीलपत्र घेतले, आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात शेवट झाला. हे आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. रामोश्यांचे पुढे काय झाले ते बहुधा नसते. ते येथे लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडेल.

आता एका ठरावाकडे येऊ. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. तेथे हत्यारांच्या कायद्याविरुद्ध ठराव झाला. त्यात तीन कारणे होती: प्रजा राजनिष्ठ आहे, कायद्याने लोकांना त्रास होतो, आणि ह्या कायद्याने ह्या देशाच्या लोकांवर नाहक कलंक लागतो. तिसरे कारण खरे. पहिली दोन शिष्टाचार होती. मागणी अशी की सर्व माणसांना हत्यारे बाळगता यावीत आणि अंगावर वागवता यावीत. ‘वागवता’ हा भाग महत्त्वाचा आहे. घरात खुंटीला टांगलेल्या बंदुकीने कलंक धुतला जात नाही. तो चारचौघांत दिसावी लागते. आजच्या भाषेत ज्याला उघड्यावर हत्यार वागवणे म्हणतात त्याची मागणी आपल्या राष्ट्रीय सभेने तिसऱ्याच वर्षी केलेली आहे, आणि ती स्वसंरक्षणासाठी नव्हे, मानासाठी.

परंतु ह्याच ठरावात पुढे एक अपवाद आहे. सरकारने लेखी कारणे देऊन, ती प्रसिद्ध करून, ज्यांना मज्जाव केला असेल त्यांना सोडून हा हक्क द्यावा. आणि असा मज्जाव व्यक्तींना करता येईल किंवा विशिष्ट जमातींना आणि वर्गांना. सरकारने एका वंशाला हत्यार देऊन दुसऱ्याला नाकारले म्हणून चिडलेली सभा, आपल्यातल्या काही जमातींना ते नाकारण्याची मुभा त्याच सरकारला देऊ करत होती. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याला तेव्हा सोळा वर्षे झाली होती. त्या कायद्याची मुंबई इलाख्यातली पाळी पुढची, पण पोलिसांच्या नजरेत रामोशी, बेरड, पारधी ह्यांची नावे आधीच चढलेली होती. आम्ही हा ठराव पहिल्यांदा वाचला तेव्हा हे वाक्य डोळ्यांखालून निसटले होते. ज्यांनी तो लिहिला त्यांनाही ते खटकले नसावे. ‘आपले लोक’ म्हणताना कोण आपले, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मराठी लेखनातही असाच वाक्याच्या शेपटाला येतो.

निःशस्त्रपणाची ही बोच रंगभूमीवर कशी आली, ते पाहण्यासारखे आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हा उलगडा तेव्हाच्या प्रेक्षकाला कोणी सांगावा लागला नाही आणि आज प्रत्येक मार्गदर्शकात छापलेला असतो. त्या उलगड्यात एक गोष्ट मात्र सुटते. विराटाच्या घरी पांडव अज्ञातवासात आहेत आणि त्यांची हत्यारे शमीच्या झाडावर बांधून ठेवलेली आहेत. बल्लव झालेल्या भीमाजवळ पळीपेक्षा मोठे हत्यार नाही. कीचकाला तो हातांनी मारतो. हत्यारांच्या कायद्याखाली तीस वर्षे काढलेल्या प्रेक्षागृहाला ही परिस्थिती नवी नव्हती. महाभारतातली शेकडो प्रकरणे सोडून खाडिलकरांनी नेमके हेच निवडले, ह्याचा आम्हांस तरी हाच अर्थ लागतो.

दोनच वर्षांनी रंगभूमीच्या दुसऱ्या बाजूला खरे पिस्तूल निघाले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन ‘संगीत शारदा’ पाहायला आला असता अनंत कान्हेऱ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंग जातीचे होते. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन ह्याच्याबरोबर पाठवल्याचे पुढे खटल्यात आले. कान्हेरे आणि त्यांचे दोन साथीदार ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी फाशी गेले. कान्हेरे अठरा-एकोणीस वर्षांचे होते. जॅक्सनला संस्कृत येत होते, मराठी येत होती. देवलांचे नाटक, जे म्हाताऱ्याशी मुलीचे लग्न लावण्याच्या विरुद्ध आहे, ते त्या रात्री पुरे झाले नाही. ह्या घटनेवर न्यायनिवाडा करण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणायचे आहे की ज्या कायद्याने उघडे हत्यार बंद केले त्यानेच लपवता येणाऱ्या आखूड हत्याराला मोल आणले. तलवार लपवता येत नाही. ब्राउनिंग कोटात मावते.

ह्यापुढचा काळ आम्ही भराभर ओलांडतो. गांधीजींनी १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीचे पत्रक काढले. (हे खेडा गुजरातचे.) इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत एका सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहास सर्वांत काळा मानील, अशा आशयाचे त्यांचे विधान त्यातले आहे. आज अमेरिकेतले बंदूकवाले हे विधान मागचेपुढचे तोडून छापतात. गांधीजी तेथे लोकांना फौजेत जायला सांगत होते, घरी पिस्तूल ठेवायला नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतला वांशिक भेद काढला गेला, तरी परवान्याची गोष्ट तशीच राहिली. १९२८ च्या नेहरू अहवालाने मूलभूत हक्कांच्या यादीत हत्यार बाळगण्याचा हक्क घातला. २६ जानेवारी १९३० च्या स्वातंत्र्याच्या प्रतिज्ञेत सक्तीच्या निःशस्त्रीकरणाने आपला पुरुषार्थ हिरावला गेल्याची तक्रार आहे. १९३१ च्या कराची ठरावाच्या हक्कांतही, नियमांच्या अधीन राहून, प्रत्येक नागरिकाला हत्यार बाळगण्याचा हक्क आहे. अहिंसेची शपथ घेतलेली चळवळ हे मागत होती, ह्यात आज वाटतो तितका विरोध तेव्हा वाटत नसे. हत्यार असताना न उगारणे म्हणजे अहिंसा; नसताना न उगारणे म्हणजे केवळ नसणे.

मग १९४८ उजाडले.

३० जानेवारीला दिल्लीत बिर्ला भवनात जे घडले त्याची मुळे पुण्यात होती, हे सांगायला नको. नथुराम गोडसे पुण्यातून वृत्तपत्र चालवत होता. त्याने झाडलेले बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरात मिळवलेले होते. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने खटल्यातला दुसरा एक माणूस अधिक बोलका आहे. दिगंबर बडगे, जो पुढे माफीचा साक्षीदार झाला, त्याचे पुण्यात ‘शस्त्र भांडार’ नावाचे दुकान होते. सुरे, खंजीर, लोखंडी पंजे, अंगातली साखळीची चिलखते ही तो उघडपणे विकत असे, कारण त्यांना परवाना लागत नसे. ज्यांना परवाना लागे त्या वस्तूही त्याच्याकडून मिळत, फक्त पाटीवर लिहिलेल्या नसत. सत्तर वर्षांच्या हत्यारबंदीने बनवलेले पुणे त्या दुकानात दिसते: पुढच्या फळीवर कायदेशीर शौर्य आणि मागच्या खोलीत बेकायदा दारूगोळा.

गांधीवधानंतर दहा महिन्यांनी, डिसेंबर १९४८ च्या पहिल्या दोन दिवसांत, घटनासमितीत स्वातंत्र्याच्या हक्कांचे कलम चर्चेला आले. मसुद्यात ते तेरावे होते, आज एकोणिसावे आहे. हरि विष्णु कामत ह्यांनी दुरुस्ती मांडली की हत्यार बाळगण्याचा हक्क त्यात घालावा. कामत आयसीएस सोडून सुभाषबाबूंबरोबर गेलेले गृहस्थ. त्यांचे म्हणणे सरळ होते. काँग्रेसने इतकी वर्षे जे मागितले ते आता आपल्याच हातात आहे, मग द्यावे.

२ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले. काँग्रेसने हा हक्क मागितला होता हे त्यांनी नाकारले नाही. तो इतिहास आहे, म्हणाले. पण ती मागणी ज्या परिस्थितीत झाली ती परिस्थिती संपली आहे. इंग्रजांनी हत्यार नाकारले ते शांततेसाठी नव्हे, तर अंकित प्रजेने परक्या सत्तेविरुद्ध उठू नये म्हणून. ते कारण सत्तेबरोबर गेले. आज प्रत्येकाने बाजारात जावे आणि हवे ते हत्यार विकत आणावे, असे झाले तर राज्य चालवणे शक्य होईल असे आपल्याला वाटत नाही. कामतांनी मध्येच आठवण दिली की आपल्या दुरुस्तीत नियमनाची सोय आहे. त्यावर आंबेडकरांतला वकील बोलला: नियमन म्हणजे अटी घालणे, अटी अशा असू शकत नाहीत की हक्कच उरणार नाही. एकदा मूलभूत हक्क म्हटला की तो सराईत गुन्हेगारालाही मागता येईल. आणि एखादा माणूस अमुक वर्गातला आहे म्हणून त्याला हत्यार नाही, असे तुम्हांला म्हणता येणार नाही.

हे शेवटचे वाक्य १८८७ च्या ठरावाशेजारी ठेवून वाचावे. मद्रासच्या सभेला हक्क हवा होता आणि जमातींना वगळण्याची सोयही हवी होती. आंबेडकरांनी दाखवले की समान नागरिकत्वात ह्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत. हक्क द्यायचा तर सर्वांना. सर्वांना देणे शहाणपणाचे वाटत नसेल तर कोणालाच नको.

ह्याच युक्तिवादात त्यांनी उदाहरण दिले ते मात्र आम्हांला आजही टोचते. हा हक्क दिला तर गुन्हेगार जमाती म्हणून ज्यांचे वर्णन केले जाते अशा चोरांना आणि भटक्यांनाही हत्यार मिळेल, असे ते म्हणाले. ‘वर्णन केले जाते’ हे शब्द त्यांनी वापरले हे खरे. तो शिक्का दुसऱ्याचा आहे एवढे अंतर त्यांत आहे. पण उदाहरण द्यायचे तर त्यांनाही तेच सापडले. जमातींवरचा तो शिक्का कायद्यातून निघाला १९५२ साली. वाङ्मयात त्या शिक्क्याखालचे जगणे यायला लक्ष्मण माने ह्यांच्या ‘उपरा’ची आणि लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या ‘उचल्या’ची वाट पाहावी लागली. भक्तिभावाने हे भाषण वाचणारे ही ओळ गाळतात आणि द्वेषाने वाचणारे तेवढीच उचलतात. आम्ही ती तेथेच ठेवू इच्छितो.

भाषणाचा शेवट मात्र कोणी फारसा सांगत नाही. आपण हत्याराच्या हक्काचा आग्रह धरू नये, हत्यार धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असे ते म्हणाले. युद्ध आले, राज्याची सुरक्षितता धोक्यात आली, तर राज्याने कोणाही नागरिकाला हत्यार धरायला बोलवावे. वरवर पाहता हे कोणत्याही देशभक्ताचे वाक्य आहे. पण ते सुभेदार रामजी सकपाळांच्या मुलाचे वाक्य आहे. मुंबईच्या फौजेत ज्या महारांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली त्यांची भरती १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, ते ‘लढाऊ’ नाहीत असे ठरवून, बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला: फौजेत घ्या, पोलिसात घ्या. पहिल्या महायुद्धात एक पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली. महार रेजिमेंट आली ती १९४१ साली. म्हणजे उच्चवर्णीय पुढारी ज्या दशकांत घरच्या बंदुकीचा परवाना मागत होते त्याच दशकांत हा समाज सरकारी बंदूक धरण्याची परवानगी मागत होता. दोघांनाही कलंक धुवायचा होता. पण पहिल्याला हत्यार एकट्याचे हवे होते आणि दुसऱ्याला सर्वांबरोबर रांगेत उभे राहून. ‘हक्क नव्हे, कर्तव्य’ हे ह्या दुसऱ्या इतिहासातून आलेले आहे. कर्तव्यातून कोणाला जातीने वगळता येत नाही.

कामतांची दुरुस्ती पडली. कलम १९ मध्ये हत्याराचा हक्क आला नाही. आला तो उलट शब्द. नागरिकांना शांततेने व ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा हक्क आहे, असे आपल्या संविधानाचा मराठी पाठ म्हणतो. (शिखांचे कृपाण कलम २५ च्या स्पष्टीकरणात वेगळे सांभाळले आहे.) ‘निःशस्त्र’ आणि ‘विनाशस्त्र’ ह्यांत कोशाच्या दृष्टीने फरक काढणे कठीण आहे. एकामागे मात्र सत्तर वर्षांची मानखंडना आहे. दुसरा शब्द भाषांतरकारांनी घडवलेला, थोडा खडबडीत, अजून कोणत्याही कवितेत न शिरलेला. पण तो अपमान सांगत नाही, समोरच्याला दिलेली हमी सांगतो.

पुढचा कायदा थोडक्यात. १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ च्या १ ऑक्टोबरपासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात एक गंमत आहे. किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, अथवा ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितली, तर परवाना द्यावा असा त्याचा कल आहे. पिस्तूल मागितले तर मात्र ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. रानडुकरांसाठी कोकणात माळ्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुका ह्याच कलमाखालच्या. लांब, दिसणारे हत्यार शेतकऱ्याचे. आखूड हत्यार संशयाचे. पण २०१६ च्या नियमांनी पिस्तुलाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली. सार्वजनिक जागी ते न्यायचे तर अंगाला बांधलेल्या म्यानात, पूर्ण झाकलेले असावे; ते दाखवणे, उगारणे सक्त मना आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या आणि लग्नावरातीत आनंदाने बार काढण्यालाही शिक्षा लावली.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात नेमके उलट होते. केंटकीने १८१३ साली लपवलेल्या हत्यारावर बंदी घातली. सरळ माणूस हत्यार दाखवून वागवतो, लपवतो तो घातकी, अशी समजूत होती. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल कमरेला दिसेल असे लावता येऊ लागले, आणि त्याच वर्षी आपल्या नियमांनी ते झाकायला सांगितले. तिकडेही दिसणारे हत्यार कोणाच्या हातात आहे ह्यावर कायदा हलला आहेच. १९६७ साली कॅलिफोर्नियात काळ्या तरुणांनी भरलेल्या बंदुका खांद्यावर घेऊन रस्त्यांवर गस्त घालायला सुरुवात केली, तेव्हा रेगन गव्हर्नर असताना भरलेली बंदूक उघड्यावर नेण्यास बंदी करणारा कायदा झटपट झाला. लिटनला ते ओळखीचे वाटले असते.

धायरीकडे परत यायचे तर ठासणीच्या बंदुकीचे कारण येथे उरलेले नाही. पीकच नाही. २०१७ साली गाव पुणे महापालिकेत पुरते आले. त्याच्या कितीतरी आधी मळ्यांचे भूखंड झाले होते. जमिनीला भाव आला आणि शहराच्या ह्या कडेला, खडकवासल्यापासून मुळशीपर्यंत, झाकलेले हत्यार पुन्हा दाखवण्याचे हत्यार झाले. प्रवीण तरडे ह्यांच्या २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ने ती कथा सांगितली: जमीन विकलेला बाप, हातात काही न उरलेला मुलगा, मग हातात येते ते. २०२४ मध्ये मुळशी तालुक्यातल्या जमिनीच्या भांडणात पिस्तूल समोर धरल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. वाढदिवसाला तलवारीने केक कापणारे, ती छायाचित्रे स्वतःच प्रसिद्ध करणारे आणि दोन दिवसांनी शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ सह २५ खाली चौकीत बसलेले तरुण पुण्यातल्या वाचकाला नवे नाहीत. २०२३ च्या सुमारास कोयत्याची दहशत इतकी झाली की ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोयता विकू नये अशी तंबी विक्रेत्यांना मिळाली. ऊसतोडीचे, नारळ फोडण्याचे हत्यार.

ह्या मुलांना गुंड म्हणून विषय मिटवता येतो. पण त्यांच्या फलकांवरची भाषा वाचावी. वाघ, सिंह, मर्द, मावळा, राजे: ही शब्दसंपत्ती त्यांनी स्वतः तयार केलेली नाही. हत्यार नसणे म्हणजे पुरुषार्थ नसणे, हे समीकरण परक्या सत्तेखाली खरे होते, निदान त्याला कारण होते. ते आपण शाळेत, पोवाड्यांत, नाटकांत, निवडणुकीच्या व्यासपीठांवर शिकवत राहिलो आणि २ डिसेंबर १९४८ चे भाषण शिकवले नाही. मराठीच्या तासाला ‘कीचकवध’ घेताना आम्ही स्वतः कित्येक वर्षे भीमाच्या मुठीपाशी थांबलो आहोत. शमीच्या झाडापाशी कोणी थांबत नाही. अज्ञातवास संपल्यावर पांडवांनी हत्यारे उतरवली ती विराटाच्या बाजारातून मिरवण्यासाठी नव्हे, हा प्रसंग वर्गात काढला तर मुले ऐकतात. एका मुलाने विचारले होते की मग दसऱ्याला आम्ही काय उतरवायचे. त्याला आम्ही लगेच उत्तर दिले नाही.

त्या घरच्या पाटावरची तलवार, पाते नऊ इंचांहून पुष्कळ लांब, खंडेनवमीच्या संध्याकाळी पुन्हा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर जाते. कोयता दुसऱ्या दिवशी नारळाला लागतो.